काकूला इंग्रजी येत नव्हतं म्हणून

धाकटा दीर आणि जाऊ आमच्याकडे राहायला आले ते दोन-तीन महिन्यांसाठी. दिराला शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझरची नोकरी लागली होती. घर मिळेपर्यंत आमच्याकडे राहायचं असं ठरलं. आमचा फ्लॅट अल नहदामध्ये होता. दोन बेडरूम, एक हॉल, आणि खिडकीतून समोरच्या टॉवरच्या खिडक्या. एक बेडरूम त्यांना दिली आणि मुलाची गादी आमच्या खोलीत आणली. घर काही लवकर मिळालं नाही. महिन्यांची दीड-दोन वर्षं झाली आणि कोणालाच त्यात काही वाटेनासं झालं. माझ्याशिवाय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका क्लिनिकच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. तिकडे तेव्हा दोन पाळ्यांची ड्युटी असायची, सकाळी नऊ ते एक आणि पुन्हा संध्याकाळी पाच ते नऊ. मधल्या वेळात घरी यायचं, मुलगा स्कूल बसमधून उतरला की त्याला जेवायला घालायचं, होमवर्क बघायचा, आणि तो जरा मोकळा होऊन खेळायला लागला की आपण पुन्हा साडी नीट करून क्लिनिकच्या व्हॅनची वाट बघत खाली उभं राहायचं. जाऊ येण्याआधी संध्याकाळी तो खालच्या मजल्यावरच्या एका मल्याळी बाईंकडे बसायचा. जाऊ आल्यावर तो प्रश्न सुटला. तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती, ती दिवसभर घरीच असायची. मी तिचे आभारही मानले होते.

मुलगा आठ वर्षांचा होता, तिथेच जन्मलेला. मी मराठीत विचारायचे आणि तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. कळायचं त्याला सगळं, बोलायचा नाही. शाळेत इंग्रजी, बिल्डिंगमध्ये हिंदी, वर्गात सक्तीचं अरबी, मग मराठीला जागा कुठे उरणार, असं नवरा म्हणायचा. मला ते पटत नव्हतं. मी ठाण्याहून पहिलीचं मराठीचं पुस्तक आणलं, फ्रिजवर तक्ता लावला, मराठीत वाक्य बोललं की चांदणी चिकटवायची. चार चांदण्यांनंतर तक्ता तसाच राहिला. एकदा मी जाहीर केलं की मराठीत बोलल्याशिवाय मी ऐकणारच नाही. त्याने मुकाट्याने स्टूल ओढलं, त्यावर चढून स्वतःचा ग्लास घेतला आणि पाणी प्यायला. त्याला माझ्याकडून हवं असलेलं बहुतेक सगळं तो स्वतः घेऊ शकत होता, हे मला त्या दिवशी समजलं.

जाऊ कराडजवळच्या गावातली. बी.कॉम. झालेली, पण सगळं मराठीतून. इंग्रजी वाचता यायचं, कोणी बोलायला लागलं की मात्र ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत गप्प उभी राहायची. लिफ्टमध्ये कोणी "विच फ्लोर?" असं विचारलं तरी बोटाने दाखवायची. मला तिची दया यायची. खोटं कशाला सांगू, बरंही वाटायचं. घरात बँकेचे, शाळेचे, सरकारी ऑफिसांचे सगळे फोन मीच घ्यायचे. "वहिनींना विचारते," हे तिचं सगळ्यांना उत्तर असायचं.

त्या वर्षी दर सोमवारी संध्याकाळी सहा वाजता एक मालिका लागायची. इंग्रजी मालिका, खाली अरबी अक्षरं. पाच तरुण मुलं-मुली, प्रत्येकाकडे एकेक शक्ती, आणि ती मिळून त्यांचं शहर वाचवतात. मला तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं, तेही मुलाच्या दप्तरावरच्या स्टिकरमुळे. सोमवारी सहा वाजता मी कोणाच्या तरी बोटाला सुई टोचत असायचे.

एका सोमवारी लॅबमधलं रक्ताचे काउंट करणारं मशीन बंद पडलं. इंजिनियर येईपर्यंत काही होणार नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी मला घरी जायला सांगितलं. मी टॅक्सी करून आले. किल्ली लावून दार उघडलं आणि पॅसेजमध्ये चपला काढत असताना हॉलमधून एक आवाज आला. लहान मुलाचा आवाज, मराठी बोलणारा. क्षणभर वाटलं, शेजारचं कोणी मूल आलंय. पण आमच्या मजल्यावर मराठी मूलच नव्हतं.

"म्हणजे ना काकू, पृथ्वी करपली," तो सांगत होता. "सगळी. भाकरी करपते ना, तशी. म्हणून लोक वर गेले. वर लोखंडाचा गाव आहे. तो लटकतो."

"कशाला लटकतो?" जावेने विचारलं.

"कशालाच नाही. तिकडे खाली ओढणारं काही नसतंच ना. तसाच लटकतो."

"असं होय. आणि हवा?"

"हवा विकत. प्रत्येकाच्या हातात मीटर आहे, श्वासाचा. मीटर संपला की ते लोक तुला झोपवतात. डब्यात. पैसे आले की उठवतात."

मी पॅसेजमध्येच उभी राहिले. एक चप्पल पायात, एक हातात. तो अडखळत होता, पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा गोंधळ घालत होता, मध्येच "मतलब" म्हणत होता, पण थांबत नव्हता. शब्द नसला की तिथल्या तिथे बनवत होता. दोन दारं असलेल्या कुठल्याशा खोलीला, जिथून बाहेर अंतराळात जाता येतं, तो "मधली खोली" म्हणाला. खलनायक म्हणजे त्या पाच जणांपैकीच एक होता, पण म्हातारा झालेला. ते समजावताना त्याची तारांबळ उडाली. शेवटी म्हणाला, "तो तोच आहे, पण नंतरचा तो." आणि जाऊ हसली नाही. तिने गंभीरपणे विचारलं, "मग आत्ताच्या त्याला कळलं का, की नंतरचा तो असा होणार?"

"नाही ना! तेच तर! बघ की!"

"बघ की." हे आमच्या घरातलं नव्हतं. हे तिच्याकडचं होतं. माझ्या मुलाच्या तोंडात शेवटी मराठी आली होती, आणि ती माझी नव्हती.

मला आनंद व्हायला हवा होता. तसा तो झालाही असेल, पण माझ्या हाती लागला नाही. मी मुद्दाम चप्पल आपटून रॅकवर ठेवली. तो वळून म्हणाला, "हाय आई, यू आर अर्ली," आणि पुन्हा टीव्हीकडे बघायला लागला. जाऊ उठून चहा ठेवायला गेली. पुढचा सगळा भाग तो एक शब्द बोलला नाही.

त्या मालिकेतल्या मुलांना कोणीतरी ढकलून भविष्यात पाठवून दिलं होतं, असं मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. पहिल्या वर्षी ती आपल्या शहरात चोर-दरोडेखोर पकडत होती. दुसऱ्या वर्षी एकदम त्या लोखंडी गावात जाऊन पडली आणि तिथे त्यांच्या शक्ती चालेनात. उडणाऱ्याला उडता येईना, कारण तिथे वर-खाली काही नव्हतंच. दूरचे आवाज ऐकणाऱ्या मुलीला काही ऐकू येईना. हे सगळं मला जेवणाच्या टेबलावर कळायचं, कारण तो ते दिराला सांगायचा आणि जाऊ मधून मधून त्याला आठवण करून द्यायची. मी वाढत असायचे.

हळूहळू ही बातमी घराबाहेर गेली. शुक्रवारी ठाण्याला फोन लावला की माझी आई आधी माझ्याशी बोलायची आणि मग नातवाला इंग्रजीत "हाऊ आर यू" म्हणून ठेवायची. एका शुक्रवारी त्याने तिला लोखंडाच्या गावाची सगळी हकिकत मराठीत सांगितली. आईला मालिका-बिलिका काही कळलं नाही, पण ती फोनवर रडली. मग मला म्हणाली, तुझ्या जावेने सोनं केलं गं पोराचं. नवराही चार लोकांत सांगायला लागला की आमच्या भावजयीने काय जादू केली बघा. सासूबाईंनी पुण्याहून जावेसाठी साडी पाठवली. मी ती साडी तिच्या हातात दिली, छान आहे म्हणाले, आणि रंग तिला शोभणार नाही असं मनात म्हणाले. तो तिला चांगला शोभला.

मी काय केलं नव्हतं? माझ्या मनात हाच हिशोब चालायचा. मी त्याला आठ वर्षं अंगाई म्हटली, गोष्टी सांगितल्या, तक्ते लावले. तिने काय केलं? तिला इंग्रजी येत नव्हतं, एवढंच. तिला काही कळत नव्हतं म्हणून त्याला सांगावं लागलं. मला सगळं कळत होतं, म्हणून माझ्याशी बोलायची त्याला गरजच पडली नाही. जे इंग्रजी मी इतक्या कष्टाने शिकले, ज्याच्या जोरावर परक्या देशात नोकरी मिळवली, तेच माझ्या आड आलं होतं. दुसऱ्याकडे असलेल्या गोष्टीचा हेवा मला समजू शकतो. तिच्याकडे नसलेल्या गोष्टीचा हेवा वाटावा, याचं मला हसूही यायचं आणि झोपही उडायची.

मग मी ठरवलं की एक सोमवार आपण घरी राहायचं. माझ्याबरोबरच्या फिलिपिनो मुलीला सांगून संध्याकाळची पाळी बदलून घेतली. कांदाभजी केली. सहाला पाच मिनिटं कमी असताना सोफ्यावर जाऊन बसले, जाऊ आणि मुलगा यांच्या मध्ये.

मालिका सुरू झाली. त्या भागात ती पाच मुलं डब्यांत झोपवलेल्या माणसांच्या गोदामात शिरली होती. रांगाच रांगा, निळा उजेड, आणि प्रत्येक डब्यावर त्या माणसाची किती थकबाकी आहे त्याचा लाल आकडा. खरं सांगायचं तर मीही गुंतले. थोड्या वेळाने लक्षात आलं की हॉलमध्ये कोणी बोलत नाहीये. मुलगा भजी खात पडद्याकडे बघत होता. जाऊही गप्प होती.

मी मराठीत विचारलं, "हे लोक का झोपलेत रे?"

"बिकॉज दे कान्ट पे, आई."

"म्हणजे? मला नीट सांग ना. मला कळलं नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, फक्त नवल वाटल्यासारखं. "यू नो इंग्लिश, आई," तो म्हणाला.

जाहिराती लागल्या तेव्हा मला क्लिनिकमध्ये फोन करायचा आहे असं सांगून मी खोलीत गेले. दार ओढून घेतलं आणि पलंगावर बसले. पाचेक मिनिटांत हॉलमधून पुन्हा तो आवाज सुरू झाला, आधी हळू, मग मोठ्याने. मी दाराला कान लावला नाही. लावायची गरजच नव्हती.

त्यानंतर मी पाळी बदलून घेतली नाही. जावेशी मी नीट वागत होते, पण मोजून. ती चहा करायची तर मी साखर कमी आहे म्हणायचे. तिने मुलाचे केस कापून आणले तर मी ते कानाजवळ पुन्हा एकसारखे करायचे. तिला कळत असणार.

उन्हाळ्यात तिला चक्कर यायला लागली. दिराला रजा नव्हती, म्हणून मी तिला सकाळी माझ्याबरोबर क्लिनिकमध्ये नेलं. उपाशीपोटी रक्त घ्यायचं होतं. मी आत रिपोर्ट लिहीत होते आणि ती बाहेर फिलिपिनो नर्सपुढे बसली होती. मला काळजी वाटली, हिला काही विचारलं तर ही गप्प बसेल, म्हणून मी उठले. तेवढ्यात नर्सने विचारलं, काही खाल्लंय का. आणि माझी जाऊ स्पष्ट आवाजात म्हणाली, "निगेटिव्ह."

नर्स हसली. मग तिने आणखी काही विचारलं, कधीपासून चक्कर येते वगैरे, आणि जाऊ सांगत गेली. वाक्यं छोटी होती, पण बरोबर होती. मध्येच ती "अफर्मेटिव्ह" म्हणाली. असं इंग्रजी शारजात कोणी बोलत नव्हतं. हे अंतराळातल्या माणसांचं इंग्रजी होतं.

मी तिचं रक्त स्वतः घेतलं. पट्टा बांधताना विचारलं, "तुला मालिका कळते. कधीपासून?"

सुई निघाल्यावर ती कापूस दाबून धरत, खाली बघत म्हणाली, "दिवाळीच्या आसपासपासून असेल, वहिनी. सगळी नाही, पण पुष्कळ. त्याला सांगणार होते. पण मग वाटलं, मला कळतं म्हटल्यावर तो गप्पच व्हायचा."

"म्हणून विचारत राहिलीस?"

"तुम्हाला वाटत होतं ना त्यानं मराठी बोलावं," ती म्हणाली. "तुम्ही तो तक्ता लावला होता फ्रिजवर. मी आले तेव्हा बघितला होता."

मी ट्यूबवर तिचं लेबल चिकटवलं. मनात आभार यायला हवे होते. पण आलं ते असं की, मीही तेच केलं होतं, कळलं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि माझं नाटक त्याने एका वाक्यात पकडलं. हिचं महिनोन् महिने चाललं. म्हणजे तिला इंग्रजी येत नव्हतं हेही आता कारण राहिलं नव्हतं. ती माझ्यापेक्षा चांगलं ऐकत होती, एवढंच उरलं, आणि ते मला जास्त लागलं.

रिपोर्ट आला. तिला दिवस गेले होते. मी तिला मिठी मारली आणि ती खरी होती. पण त्या मिठीतच मला हेही वाटून गेलं की आता हिचं स्वतःचं येईल, मग माझा मला परत मिळेल.

त्यानंतर सगळं भराभर झालं. दिराला दुबईत अल क्वोजमधल्या एका वेअरहाउसमध्ये चांगली नोकरी मिळाली. शारजाहून रोज सकाळी त्या ट्रॅफिकमधून जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी दुबईतच एक खोली-स्वयंपाकघर बघितलं. सामान फारसं नव्हतं. दिराच्या मित्राच्या पिकअपमध्ये सगळं बसलं. मुलगा खाली येऊन उभा होता. काकूने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, सोमवारी काय झालं ते मला सांगायचं. तो हो म्हणाला. पण त्यांच्या नव्या घरी फोनची लाइन मिळायला वेळ लागणार होता.

मालिकेचा शेवटचा भाग त्यानंतरच्याच सोमवारी होता. मुलगा पुन्हा मल्याळी बाईंकडे बसायला लागला होता, तिथेच त्याने तो बघितला. मी साडेनऊला घरी आले तर तो जेवायचा थांबला होता. नवरा म्हणाला, जेवतच नाहीये, आई आल्यावर जेवतो म्हणतोय. मी हात धुवून ताटं घेतली. काही विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. विचारून हात पोळून घेतले होते.

तोच म्हणाला, "तू बघितलं नाही ना आज?"

"नाही रे. ड्युटी होती."

"खरंच नाही?"

"खरंच."

मग तो सांगायला लागला. मराठीत. त्या म्हाताऱ्याने शेवटी दार उघडून दिलं, पण परत येणाऱ्या यानात चौघांचीच जागा होती. हवेचं मोठं यंत्र कोणीतरी चालू ठेवायला हवं होतं, नाहीतर डब्यांतली सगळी माणसं मेली असती. दूरचे आवाज ऐकणारी ती मुलगी मागे राहिली. तिला आता त्या सगळ्या माणसांचे श्वास ऐकू येत होते, झोपलेल्यांचेसुद्धा. "ती परत आला नाही, आई," तो म्हणाला, "ती तिकडेच राहिला," आणि त्याचे डोळे भरले. मी त्याचं व्याकरण सुधारलं नाही. त्याच्या ताटातला भात गार झाला होता, तो मी परत गरम करून आणला. काकूला हे अजून माहीत नाही, असं तो मध्येच म्हणाला. मला ते ऐकून जे वाटलं ते अगदी साधं सुख होतं. पहिल्यांदा मला कळलं होतं, तिला नाही.

शुक्रवारी दीर-जाऊ जेवायला आले. मी पुरणपोळी केली होती. जेवण झाल्यावर सगळे हॉलमध्ये बसले आणि जावेने मुलाला विचारलं, "काय रे, शेवटी काय झालं?"

तो नव्या गाडीच्या चाकांशी खेळत होता. "आईला विचार," तो म्हणाला. "तिला सगळं सांगितलंय."

जावेने माझ्याकडे बघितलं. तिच्या नव्या घरात टीव्ही होता, तिने तो भाग पाहिला असणार, आणि सगळा समजलाही असणार. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही ठाऊक होतं. तिने पाय वर घेतले, उशी पोटाशी धरली आणि म्हणाली, "सांगा की, वहिनी."

मी सांगायला लागले. आधी चार वाक्यांत आटपावं असं ठरवलं होतं, पण ती मध्ये विचारत गेली. दार कोणी उघडलं, मग उडणारा काय म्हणाला, तिला एकटीला भीती वाटली नाही का. कुठे विचारायचं ते तिला बरोबर माहीत होतं. मी सांगत गेले आणि मला रंग चढत गेला. नवरासुद्धा पेपर बाजूला ठेवून ऐकायला लागला. तिच्याइतकं ऐकता मला आजन्म येणार नाही, असं बोलता बोलताच मला वाटत होतं, आणि तेवढ्यापुरतं जळणं तेव्हाही थांबलं नव्हतं.

दोन दारांच्या त्या खोलीपाशी आल्यावर मला शब्द आठवेना. मी "एअरलॉक" म्हणाले.

मुलगा जमिनीवरूनच म्हणाला, "मधली खोली, आई."

"हां, मधली खोली," मी म्हणाले, आणि पुढे सांगू लागले.